शमीमने लिहिलेलं पान

अल्ताफचा फोन आला तेव्हा मी अंगणात नव्या भाडेकरूला पाण्याच्या मोटरचं बटण दाखवत होते. अल्ताफ म्हणजे आमच्या वरच्या खोलीतल्या शमीमचा थोरला भाऊ. तो फोनवर फार बोलणारा माणूस नाही. "ताई, शमीम गेली," एवढंच म्हणाला. आणि मी वेड्यासारखं विचारलं, "कुठं गेली?" ऑपरेशन नीट पार पडलं होतं, त्या आठवड्यात तिला घरी सोडणार होते, त्यामुळे मला खरंच वाटलं की ती पुण्याच्या दवाखान्यातून निघून पौडला पोहोचली असेल. "दवाखान्यातच," तो म्हणाला, आणि मला सगळं कळलं. आई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. माझ्याकडे एकदा बघून ती सूप बाजूला ठेवून उठली. "चल," म्हणाली, "मीबी येतीय."

पौडला पोहोचलो तेव्हा शमीमच्या घरच्यांच्या, म्हणजे मुलाण्यांच्या, इंजिन-पंपांच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलेलं होतं. आतल्या खोलीत बायकांमध्ये आम्ही बसलो. शमीमची आई ती लहान असतानाच वारली होती, तिला वाढवलं ते अब्बांनी. ते दाराशी उभे होते. हात धुतलेले होते, पण नखांच्या कडेचं ऑइल काही निघालं नव्हतं. पुरुष मंडळी तिला घेऊन निघाली तशी आई उठून दारापर्यंत गेली आणि रस्ता वळेपर्यंत तिथेच उभी राहिली. परतीच्या वाटेवर ती एकच वाक्य बोलली, "जिना चढताना किती दमायची गं पोरगी, पन खालची खोली घेतली न्हाई."

ती वरची खोली आमची. आमच्या माण गावात अशी कितीतरी घरं आहेत. शेतं आयटी पार्कमध्ये गेली आणि उरलेल्या जागेवर मजल्यावर मजले चढवून आम्ही सगळे घरमालक झालो. शमीम खोली बघायला आली तेव्हा पाठीला लॅपटॉपची बॅग आणि हातात पेरूंची पिशवी होती. पौड काही लांब नाही, पण संध्याकाळच्या एसटीचा भरवसा नाही, म्हणून तिला कंपनीजवळ राहायचं होतं. आईने तिला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि थेट विचारलं, "कुनाची गं तू?"

"पौडच्या मुलाण्यांची."

"इंजिनवाल्या मुलाण्यांची? मग आदी सांगायचं न्हाई व्हय! आमच्या हिरीवरची मोटर तुज्या बापानंच तर बशिवली." विषय तिथेच संपला. विहीर केव्हाच बुजली, तिच्यावर आता एका कंपनीचं पार्किंग आहे, पण त्या मोटरच्या ओळखीवर शमीमला आमच्याकडे खोली मिळाली. मागाहून शेजारच्या एकदोघी कुजबुजल्या, तेव्हा आईने त्यांना काय सुनावलं ते मी इथे लिहीत नाही.

तिला लहानपणी ताप येऊन हृदयाच्या झडपेला दुखापत झाली होती. एक ऑपरेशन शाळेत असतानाच झालेलं. जिन्याच्या मधल्या पायरीवर ती थांबायची, कठड्याला टेकून समोरच्या काचेच्या इमारतींकडे आणि त्यांच्या मध्ये कशीबशी तग धरून असलेल्या एका भातखाचराकडे बघायची, आणि मग वर जायची. मी काळजी केली की म्हणायची, "अगं, बघायला थांबते." कधी खरंच बघायला थांबायची आणि कधी दम लागलेला असायचा... मला शेवटपर्यंत त्यातला फरक ओळखता आला नाही.

तिचं काम काय, हे आम्हाला बरेच दिवस कळलं नव्हतं. आईला वाटायचं ती कॉम्प्युटर दुरुस्त करते. मी तेव्हा पार्कमधल्याच एका ऑफिसात स्वागतकक्षात बसायचे. बी.कॉम. झाल्यावर हाताला लागली ती नोकरी धरली आणि आलेल्या माणसाचं नाव लिहून घेण्यात माझी वर्षं चालली होती. एका रविवारी मी तिला विचारलंच, की तू करतेस तरी काय? ती म्हणाली, "कंपनी जे बनवते, ते वापरायचं कसं हे लिहिते. लोक वैतागलेले असतात, तेव्हाच वेबसाइटवरचं आमचं पान उघडतात. कोणी हौसेने वाचत नाही." मला वाटलं होतं कॉम्प्युटरचं काम म्हणजे गणित असणार. हे तर लिहिणं होतं! माझ्या डोळ्यांत काय दिसलं असेल कोण जाणे, पण तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "शिकतेस?"

शिकवायला तिने निवडला तो आमच्याच घराचा विषय. आमच्याकडचे भाडेकरू नागपूरचे, बिहारचे, आंध्रचे. सकाळ झाली की जिन्यावरून हाका सुरू, "काकू, पानी नहीं आ रहा!" मग आई चूल... चूल कसली, गॅस बारीक करून बटण दाबायला जाणार. शमीम म्हणाली, घर वापरायचं कसं याचंच पान करू. पाणी, वीज, गॅस, कचरा. डाव्या बाजूला या चार शब्दांची यादी, त्यातल्या एकावर बोट ठेवलं की उजवीकडे त्याची माहिती. मी लगेच रंगांच्या मागे लागले. गुलाबी पार्श्वभूमी, तिच्यावर जांभळी अक्षरं, मथळ्याला सावली... मला ते इतकं सुंदर दिसत होतं! तिने सीएसएसची, म्हणजे पानाच्या दिसण्याची, ती सगळी फाईल काढून टाकली. पडद्यावर पांढऱ्यावर काळं, नुसतं एचटीएमएल, म्हणजे मजकूर आणि त्याचा सांगाडा, उरलं. "आता वाच. पाणी कुठून सुरू करायचं हे कळतंय का?" कळत नव्हतं. मोटरचं बटण कुठे आहे तेच मी लिहिलं नव्हतं. "आधी काय आहे ते नीट सांग. हा मथळा, ही पायरी, ही धोक्याची सूचना. कसं दिसायचं ते मग बघू." ती कधी रागावली नाही, पण जे चुकलं ते चुकलंच, असं सरळ म्हणायची. माझं त्या दिवशी तोंड उतरलं, तर खाली जाऊन चहा करून घेऊन आली, आणि जिन्यावर दम लागल्यामुळे त्यातला निम्मा बशीत सांडलेला.

ते पान झालं. जिन्याच्या भिंतीवर आम्ही त्याच्या क्यूआर कोडचा कागद चिकटवला. हाका थांबल्या. महिन्याभराने आई तक्रार घेऊन वर आली. "काय केलं गं तुमी ह्ये? आता माज्याशी कुनी बोलतच न्हाई. येतंय, जातंय, मोबाइलमंदी बगतंय." शमीम इतकी हसली की तिला खाटेवर बसावं लागलं. मग तिने पाण्याच्या माहितीच्या शेवटी एक ओळ वाढवली, 'एवढं करूनही पाणी आलं नाही तर काकूंना भेटा. चहा मिळेल.' ती ओळ अजून आहे. तिच्यामुळे आमच्याकडे चहापत्ती किती लागते ते आईला विचारा.

पण शमीमचं खरं काम ते नव्हे, आणि मला आज सांगायचं आहे ते दुसऱ्याच पानाबद्दल.

पौडच्या दुकानात अब्बा पॉवर टिलर विकायचे. आपल्या मुळशीत खाचरं लहान, बांध जवळजवळ, तिथे ट्रॅक्टर वळत नाही. त्यामुळे हाताने धरून मागे चालत चालवायचं हे यंत्र घरोघरी झालं. एका पावसाळ्यात ताम्हिणीच्या बाजूच्या कोंडाबाईंचा पाय त्यात सापडला. त्यांचा मुलगा पुण्यात वॉचमनच्या नोकरीला, म्हणून टिलर त्या स्वतःच चालवायच्या. बांधाशी यंत्र अडकलं म्हणून त्यांनी रिव्हर्स टाकला. रोटर, म्हणजे माती उकरणारी पाती, चालूच होती, आणि रिव्हर्समध्ये यंत्र पुढे न जाता चालवणाऱ्याच्याच अंगावर येतं. चिखलातून पाय निघाला नाही. पाय वाचला, पण पोटरीचं मांस गेलं. टिलर अब्बांच्या दुकानातला होता. कोणी त्यांना दोष दिला नाही, कोंडाबाईंनीही नाही. पण अब्बांनी टिलर विकणं बंद केलं. दुकानात फक्त पाण्याच्या मोटरी, पंप आणि दुरुस्ती. कोणी टिलर मागायला आलं की मान हलवायचे आणि आत जायचे.

शमीम तेव्हा कोंडाबाईंना भेटायला गेली, मला बरोबर घेऊन. कोंडाबाई पडवीत पाय लांब करून बसल्या होत्या. "पुस्तक दिलं हुतं की तुज्या बानं," त्या म्हणाल्या. "त्ये बग, फळीवर हाय. चौथी शिकलीया मी, मराटी वाचती. पन त्यात मराटी हाय कुटं?" शमीमने ते पुस्तक उतरवलं. गुळगुळीत कागद, बारीक इंग्रजी. पान उलटत, उलटत ती पार मागे गेली, तेव्हा कुठे रिव्हर्सची सूचना सापडली. परत आम्ही अल्ताफच्या जीपमधून पौडला आलो. उतरताना ती म्हणाली, "वैशू, मी रोज हेच काम करते. आणि माझ्या घरातून विकलेल्या यंत्राचं पान कुणी लिहिलं नाही."

मग त्या वर्षी आमचे सगळे रविवार पौडच्या दुकानात गेले. अब्बा सांगायचे, शमीम टिलर उघडून बघायची, मी लिहायचे. अब्बा आधी तयार नव्हते. "कागदावर लिवून अपघात थांबतो व्हय?" असं एकदा चिडून म्हणाले. शमीम म्हणाली, "एखादा थांबेल, अब्बा." पुढच्या रविवारी त्यांनीच आमच्यासाठी टिलर बाहेर काढून ठेवला होता. मला छापील मराठीची हौस, मी रिव्हर्सला 'प्रतिगमन' लिहिलं. अब्बांनी ते दोनदा वाचलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "ही कुटली कंपनी?" शमीमने 'रिव्हर्स' केलं आणि ती संपूर्ण सूचना उचलून पानाच्या अगदी वर आणली. मी म्हटलं, आधी यंत्राची ओळख नको का? ती म्हणाली, "वाचणाऱ्याचे हात चिखलात आहेत आणि यंत्र धडधडतंय. ओळख कोणाला हवी?"

पान तयार झालं तेव्हा लॅपटॉपवर ते देखणं दिसत होतं. डावीकडे यादी, उजवीकडे पायऱ्या, फोटो, ऑइलचा तक्ता. ते दाखवायला आम्ही ताम्हिणीला गेलो. बाहेर धो धो पाऊस, खोऱ्यात ढग उतरलेले, समोरचा डोंगर नाहीसा झालेला. कोंडाबाईंनी आपला मोबाइल काढला, काच तडकलेली, पडदा तळहातापेक्षाही लहान. पान उघडायलाच इतका वेळ लागला की त्यांनी मध्ये उठून शेळ्या आत बांधल्या. आणि उघडलं तेव्हा यादी निम्मा पडदा अडवून बसलेली, उरलेल्या चिंचोळ्या जागेत पायऱ्यांचा एकेक शब्द एकेका ओळीवर घरंगळत चाललेला. कोंडाबाईंनी मोबाइल लांब धरला, जवळ धरला. "ह्ये काय मुंग्यांची रांग लावलीया?"

मला रडू यायचं बाकी होतं. शमीमचा चेहरा मात्र उजळला होता. "बरं झालं आलो," ती म्हणाली. आम्ही रस्त्यावरच्या ढाब्यावर जाऊन बसलो, तिने भज्यांची बशी बाजूला सारून लॅपटॉप उघडला आणि मला एकेक करून दाखवत गेली. पडदा अरुंद असेल तर यादी डावीकडून उचलून वर न्यायची आणि मिटून ठेवायची, हवी त्याने उघडावी. फोटोने पडद्याबाहेर जायचं नाही, पडद्याएवढंच व्हायचं. अक्षर मोठं, ओळींमध्ये मोकळी जागा. मग ती फोटो काढत सुटली. माझे आवडते, मेहनतीने काढलेले फोटो! "रेंज नाही इथे, वैशू. पान हलकं पाहिजे. ज्या फोटोशिवाय कळतं तो फोटो नको." ढाब्यात नेट लागेना, म्हणून अल्ताफ आम्हाला घाटातल्या एका वळणावर घेऊन गेला, तिथे थोडी रेंज यायची. जीपच्या काचांवर पाण्याचा मारा, आत आमच्या श्वासांनी वाफ धरलेली, आणि शमीम मांडीवर लॅपटॉप घेऊन बदललेलं पान नेटवर चढतंय का बघत बसलेली. चढलं तेव्हा तिने अल्ताफच्या पाठीत असा धपाटा घातला की त्याच्या हातून जीपचा हॉर्न वाजला.

आम्ही परत कोंडाबाईंच्या पडवीत गेलो. पान लगेच उघडलं. त्या बोट ठेवून, एकेक शब्द सुटा करत, मोठ्याने वाचू लागल्या. "रिव्हर्स टाकण्याआधी थांबा. रोटर बंद करा. मागे बघा, पाय सोडवून घ्या." वाचून झाल्यावर त्या पडद्याकडे बघतच राहिल्या... मग लुगड्याचा काठ पोटरीवर ओढून घेतला आणि म्हणाल्या, "एवढंच हुतं व्हय?" शमीम त्यांच्याजवळ जाऊन बसली. मग कोंडाबाईच म्हणाल्या, "शेजारच्या पोराच्या मोबाइलमंदी घालून दे ह्ये. त्यो लई घाई करतोय."

अब्बांनी पुढच्या वर्षी टिलर पुन्हा ठेवले. पण विकायची त्यांची पद्धत बदलली. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर पान उघडून द्यायचं, वरची सूचना त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्यायची, आणि मगच चावी हातात. कोणी "आम्हाला ठाऊक हाय" म्हणालं तर अब्बा चावी खिशात ठेवून चहा मागवायचे. वाचेपर्यंत चहा चालू. हळूहळू ते पान पौडच्या बाहेर गेलं. वेल्ह्याहून, मावळातून, घाटाखालून कोकणातून फोन येऊ लागले. कोणी विचारायचं पंपाचं आहे का, कोणी मळणीयंत्राचं. शमीम ऑफिसमधून येऊन तेही लिहायची. मला एव्हाना तिच्याच जोरावर एका लहान कंपनीत लिहिण्याचं काम मिळालं होतं. मुलाखतीला मी आमच्या घराचंच पान दाखवलं. समोरच्या बाईंनी शेवटची ओळ वाचली आणि चहाची चौकशी केली.

यंदा होळीनंतर तिला जास्त त्रास व्हायला लागला. जिन्यावर थांबणं वाढलं, मग ती पौडलाच राहू लागली. झडप पुन्हा बदलायची ठरली. दवाखान्यात भरती होण्याच्या आदल्या दुपारी मी तिला भेटायला गेले, तीच आमची शेवटची भेट. उशीला टेकून बसली होती, लॅपटॉप पायांवर, मळणीयंत्राचं पान उघडं. मी म्हटलं, "आज तरी राहू दे." ती म्हणाली, "तू वाच. मला कुठे अडखळतेस ते बघायचंय." मी वाचत गेले, ती डोळे मिटून ऐकत होती. एका ठिकाणी मी अडखळले. तिने डोळे न उघडताच बोट वर केलं. "ते वाक्य मोड. दोन कर." मी तिथेच दोन केली. निघताना तिने माझा हात धरून ठेवला, जरा जास्तच वेळ. "भीती वाटते गं," म्हणाली. "थोडी." तिच्या तोंडून मी तो शब्द आधी ऐकला नव्हता. मी तिला काहीबाही धीर दिला... आता आठवतं तेव्हा वाटतं, नुसतं जवळ बसायला हवं होतं.

आता लावणीचे दिवस आहेत. वरची खोली आईने अजून कोणाला दिलेली नाही. येणाऱ्याला "भरल्यात समद्या" म्हणून सांगते. मळणीयंत्राचं पान मी गेल्या पंधरवड्यात पुरं केलं आणि दाखवायला पौडला गेले. अब्बांनी चष्मा लावून ते वाचलं, सावकाश, बोटाने वर सरकवत, पार तळापर्यंत. मग टिलरचं पानही तसंच तळापर्यंत नेलं. पुन्हा वर, पुन्हा तळाशी. ते काय शोधताहेत ते मला कळेना.

"ह्यात तिचं नाव कुटं हाय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "अब्बा, अशा पानावर लिहिणाऱ्याचं नाव नसतं. तीच नको म्हणायची. वाचणाऱ्याला त्याचा काय उपयोग, म्हणायची."

"माहीत हाय मला ती काय म्हनायची." त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला नाही. बाहेर अल्ताफ कोणाशीतरी पंपाबद्दल बोलत होता. "मोटं घाल. वर घाल."

"वर नाही चालायचं, अब्बा. वर सूचना आहे."

अब्बांनी पान पुन्हा वर नेलं आणि सूचनेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "खाली घाल मग. बारीक घाल... पन घाल."

मी दुकानातच स्टुलावर बसून लॅपटॉप उघडला. टिलरच्या पानाच्या अगदी तळाशी, शेवटच्या पायरीच्या खाली, एक रेघ ओढली आणि लिहिलं, 'लेखन: शमीम मुलाणी, पौड.' अक्षर बारीक ठेवलं, रंग राखाडी. मग अब्बांच्या मोबाइलवर उघडून बघितलं, माझ्या मोबाइलवर बघितलं. समाधान होईना म्हणून, पडदा आणखी लहान असला तर काय होईल ते बघायला, लॅपटॉपवर पानाच्या खिडकीची कड धरून ती आत ढकलत गेले, आणखी आत, जितकी जाईल तितकी. वरची वाक्यं मोडून खालच्या ओळींवर येत होती, तक्ता आखडत होता. नाव तेवढं तुटलं नाही. एका ओळीत बसलं.